कापलेला शेवट

मध्यंतर व्हायच्या आतच समीक्षकांनी नायकाची बिनपाण्याने केली होती.

"घड्याळजी आहे म्हणे हा. एकदा तरी घड्याळाकडे बघतो का?" मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात ते म्हणाले.

मागच्या रांगा चिडल्या. तिथे या सिनेमाचे भक्त बसले होते. पोटं सुटलेली, केस काळे केलेली माणसं. बाहेर ऊन रणरणत असताना गळ्यात नायकासारखे चौकड्यांचे मफलर. पडद्यावरच्या पात्राने तोंड उघडायच्या आत त्याचा संवाद हे म्हणून टाकत. आपण तरुणपणी जे पाहिलं ते थोरच असणार, अशी या मंडळींची पक्की समजूत होती.

समीक्षकांचं सदर याच समजुतीवर पोसलेलं होतं. लोकांचा लाडका जुना सिनेमा घ्यायचा, पुन्हा पाहायचा आणि त्याची सालटी काढायची. नव्या सिनेमांवर लिहिणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. कुणी विषय काढलाच तर म्हणत, "पाहण्यासारखं असतं काय त्यांत?"

माणूस उर्मट होता, यात वाद नव्हता. समोर कुणीही येवो, आपण होऊन ओळख म्हणून दाखवायची नाही. वर्तमानपत्राच्या नव्या संपादकबाईंनी आज दारात हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला. समीक्षक बायकोच्या खांद्यावर हात टाकून, मान ताठ ठेवून, एखाद्या संस्थानिकाच्या थाटात आत शिरले.

बायको म्हणजे दुसरा ताप. सिनेमाभर तिची कुजबुज चालू असायची. आता तो उठला, आता त्याने खिडकी लावली, आता ती बॅग भरतेय. आजूबाजूचे लोक वैतागत.

"आमच्या हिला सिनेमा डोळ्यांनी कळत नाही, तोंडाने कळतो," हे समीक्षकांचं ठरलेलं वाक्य. सदरातही 'आमची ही' अधूनमधून हजेरी लावायची आणि वाचक खो खो हसायचे. तो मजकूर ते तोंडी सांगून तिच्याकडूनच लिहून घेत. टाइप करत बसणं हे कारकुनांचं काम, असं त्यांचं मत होतं.

या एका सिनेमासाठी मात्र तिने घरी रदबदली केली होती.

"एवढा एक सोडा हो. लग्न ठरलं तेव्हा आपण दोघांनी पाहिलेला. तुम्हीसुद्धा रडला होतात."

"म्हणून तर सोडणार नाही," ते म्हणाले होते.

मध्यंतरात तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. संपादकबाई त्यांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या.

"सर, स्पष्टच बोलते. जुन्याचा चोथा किती दिवस चघळायचा? सदर चालू ठेवायचं तर काहीतरी नवं हवं. आजचा शेवट नवा आहे. त्यावर बोला, मग ठरवू."

शेवट नवा होता म्हणजे असं, की आजवर हा सिनेमा घड्याळजी वाट बघत बसतो तिथेच संपायचा. सोडून गेलेली बायको परत येते की नाही, यावरून भांडून भक्तांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. आता, त्या काळी वितरकाने कापून टाकलेला मूळ शेवट कुठल्याशा गोदामात सापडला होता. तो कुणीच पाहिलेला नव्हता. सिनेमा संपला की शेवटचं चित्र पडद्यावर तसंच थांबवायचं आणि पाहुण्यांनी जागेवरूनच त्यावर बोलायचं, अशी हा खेळ ठेवणाऱ्या चित्रपट मंडळाची पद्धत होती.

"बोलतो की," समीक्षक म्हणाले. "चिंध्याच करतो."

"तुम्हाला कसा वाटतोय?" संपादकबाईंनी त्यांच्या बायकोला विचारलं.

"मला आवडतो. ती घर सोडून जाते ना, तिथे मला अजून..."

"हिला काय विचारता?" समीक्षक म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, एवढंच सांगता येतं हिला. इतकी वर्षं शेजारी दगड बसवला असता, तर त्यालाही चार गोष्टी कळल्या असत्या."

संपादकबाई कसंनुसं हसल्या. बायकोने नवऱ्याच्या हातातला रिकामा कप काढून घेतला आणि खुर्चीखाली ठेवला.

मध्यंतरानंतर तिची कुजबुज बंद झाली. मागच्या रांगांना हायसं वाटलं. समीक्षकांनी तिला दोनदा कोपराने ढोसलं.

"झोपलीस काय?"

ती झोपली नव्हती.

नवा शेवट सुरू झाला. त्यात संवाद नव्हताच, नुसतं व्हायोलिन. भक्तांचीही तोंडं बंद पडली, कारण म्हणायला काही पाठ नव्हतं. तेव्हा बायको समीक्षकांच्या कानाशी वाकली.

"ती परत आली," ती म्हणाली. "दारात उभी आहे. तो तिचे हात धरून रडतोय."

"वाटलंच होतं," समीक्षक समाधानाने म्हणाले.

तिने पर्स उचलली, उठली आणि त्यांच्या पुढून वाट काढत गेली. त्यांनी पायही आवरून घेतले नाहीत.

व्हायोलिन थांबलं. पडद्यावर शेवटचं चित्र थांबलं. संपादकबाईंनी माइक समीक्षकांच्या हातात ठेवला.

"ज्याने हे कापलं त्या वितरकाचा पुतळा उभारा," ते म्हणाले. "इतकी वर्षं वाट बघायला लावून शेवटी काय, तर बायको परत! दारात उभी, आणि हा तिचे हात धरून मुळुमुळु रडतोय. आणि तुम्ही याला अजरामर म्हणता?"

कुणीच हसलं नाही. मफलरवाल्यांपैकी एकाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

"सर," संपादकबाई हळूच म्हणाल्या, "पडद्याकडे बघा ना."

समीक्षकांनी मान वर केली. पडद्यावर, भिंतभर, घड्याळजी एकटा जेवायला बसला होता. त्याच्यामागचं दार सताड उघडं होतं आणि दारात कुणीही नव्हतं.

"बघतोय की," ते तुच्छतेने म्हणाले. मग उजवीकडे वळले. "सांग गं यांना, दारात कोण उभं आहे ते."

उत्तर आलं नाही तेव्हा त्यांनी हात लांब केला, आणि रिकाम्या खुर्चीवर तो बराच वेळ चाचपडत राहिला.