गिअरबॉक्समधलं पाणी

गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू सुटला आणि डब्यात तेल पडायला लागलं. तेल कसलं, दूध जास्त झालेला चहा. कप्तानांनी ते दोन बोटांत चोळलं आणि बोटं पँटला पुसली.

"पाणी," ते म्हणाले. "पुन्हा."

लेकीनं स्क्रू फडक्यानं पुसला. महिन्याभरात तिनं तिसऱ्यांदा ऑइल सीलची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांची, जोडी बदलली होती, आणि तिसऱ्यांदा बोटीच्या मशीनमध्ये पाणी शिरलं होतं. मशीन जुनं होतं हे खरं. पण कप्तानही जुनेच होते, आणि त्यांच्यात कुठून पाणी शिरत नव्हतं.

तीस वर्षं त्यांनी माणसं या काठावरून त्या बेटावर नेली-आणली. मशीन उघडायला लेकीला त्यांनीच शिकवलं, याच टेबलावर. आता वर्कशॉप तिचं होतं. धक्क्यावरची निम्मी मशीनं तिच्याकडे यायची आणि एकदा दुरुस्त होऊन गेलेलं परत दारात दिसायचं नाही. परत यायचं ते फक्त बापाचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं कप्तान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात सील बसवताना तिला कुणी जवळ नको असे. लक्ष उडतं म्हणे. मग धक्क्याभोवती बोटीच्या दोन फेऱ्या, तेल तपासायचं, आणि पुन्हा तोच चहा.

दर रविवारी ते स्वतःची बोट घेऊन एकटेच बेटावर धाकट्या बहिणीकडे जात. सलग चार रविवार बुडाले होते. प्रवासी लाँच आहे की, असं बायकोनं सुचवून पाहिलं. ज्यानं उभ्या गावाला पलीकडे नेलं त्यानं आता तिकीट काढून बाकड्यावर बसायचं का, असं त्यांनी विचारलं. बसायला बाकडं मिळतंय हेच पुष्कळ, असं तिनं सांगितलं.

"बाबा, पंख्याचा शाफ्ट वाकला असेल," लेक डब्यातल्या तेलाकडे बघत म्हणाली. "वाकडा शाफ्ट फिरताना सील खातो. कितीही बदला."

"आपोआप वाकला?"

"खडकाला लागला असेल."

कप्तानांचा पारा चढला. खडकाला लागायचं तर सुकाणू धरणाऱ्याला खडक दिसलेला नसावा लागतो. "मला दिसत नाही असं म्हणायचंय का तुला?"

"मी शाफ्टबद्दल बोलतेय."

दारात भाजी निवडत बसलेल्या बायकोनं मान वर न करता आठवण करून दिली, की परवा रस्त्यातल्या खांबाला त्यांनी 'काय, आज लवकर?' असं विचारलं होतं. खांब सावलीत होता, असं कप्तानांचं म्हणणं पडलं.

लेकीनं मग शांतपणे सांगितलं ते त्याहून वाईट होतं. या मशीनचा शाफ्ट आता कुठे मिळत नाही. वाकलाच असेल तर मशीन मोडीत आणि बोट काठावर. एवढ्या जुन्या बोटीला नवं मशीन कुणी लावत नाही.

कप्तान रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. बोट जाणार म्हणून आणि, खरं सांगायचं तर, जाता जाता खडकाचा ठपका ठेवून जाणार म्हणून जास्त.

शनिवारी सकाळी लेक कुणाचंसं मशीन बसवायला धक्क्यावर गेली. बायको बाजारात. कप्तान वर्कशॉपमध्ये शिरले. पान्याच्या आकड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कुठला पाना कुठे टांगलाय हे हाताला ठाऊक होतं. पंख्याचा नट, पंखा, मागचे दोन बोल्ट. पुलर लावून सीलचं घर शाफ्टसकट बाहेर ओढलं. मग शाफ्ट त्यातून मोकळा करून खाचा पाडलेल्या दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला.

करवतीच्या पात्याचं टोक शाफ्टला लागतंय-न-लागतंय असं धरलं आणि शाफ्ट हळूहळू फिरवला. वाकडा असेल तर दर फेरीला एकदा टक्‌ वाजतो. त्यांनी श्वास रोखला. टोकापाशी फिरवला, मध्यावर फिरवला, दुसऱ्या टोकाला दहा वेळा फिरवला.

काही वाजलं नाही. शाफ्ट पट्टीसारखा सरळ.

कप्तान एकटेच हसले. आता येऊ दे म्हणावं कारागीरणीला. नवं सील स्वतःच्या हातानं बसवायचं, आणि उद्या सकाळी बहिणीच्या दारात.

मग गळतंय कुठून ते तरी कळावं म्हणून त्यांनी सीलच्या ओठावरून, शाफ्टला टेकणाऱ्या कडेवरून, बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. आतल्या सीलवरही नेमकं तिथेच थांबलं. झिजलेलं रबर बोटाला खरखरीत लागतं, अडकलेल्या दोरीनं कापलं तर गोल खाच पडते. ही चीर ओठावर आडवी होती. सरळ, बारीक, ब्लेडची. दोन्हींवर सारखीच. हात सफाईदार होता, त्यांनीच घडवलेला.



पायऱ्यांवर पावलं वाजली. लेक दारात आली, टेबलावर सुटा पडलेला शाफ्ट बघून थबकली.

"तुम्ही कशाला उघडलंत, बाबा?" तिचा आवाज भलताच बारीक झाला होता.

कप्तानांनी फडक्याला एकेक बोट पुसलं.

"तूच बरोबर होतीस," ते म्हणाले. "शाफ्ट वाकलाय."