सोळा इंच

पहिली रेघ तिने पलंगापाशी फरशीवर ओढली. मग दुसरी, तिसरी, असं करत करत दारापर्यंत गेली. 

तिचा नवरा, टेलरमास्तर, भिंतीकडे तोंड करून पडला होता. कंपवात जुनाच. थरथरत्या हाताने का होईना, मास्तर काम करायचे. पाच महिन्यांपूर्वी मात्र त्यांनी शिलाई मशीन झाकून ठेवलं ते ठेवलंच. अर्ध्या इंचासाठी गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर येणारा माणूस, आता चहा गार झाला तरी बोलत नव्हता. नातेवाईक यायचे आणि ‘मन घट्ट करा’ सांगून जायचे. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की थरथर जशी आजाराची, तशी ही उदासीही आजाराचीच. उदासीसाठी वेगळी गोळी सुरू होऊन महिना झाला होता. चालताना मास्तरांचे पाय जागीच खिळायचे, म्हणून या रेघा. रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलला जातो, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या.

घरात खडू होता तो मास्तरांचाच, कापड बेतायचा. तीस वर्षं काज-बटणं तिची आणि खडू त्यांचा, अशी वाटणी. तिने त्याला कधी बोट लावलं नव्हतं. आज खण उघडताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

“अहो, उठता का? नुसतं दारापर्यंत.”

 खडूने माखलेली बोटं तिने पदराला पुसली.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी कूस बदलली. फरशीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

“हे काय आहे?”

“रेघा.”

“ह्याला रेघा म्हणतात? एक नऊ इंचांवर, दुसरी पार तिकडे! असा शर्ट बेतला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता.”

पाच महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. हसावं की रडावं, तिला कळेना.

“मग तुम्हीच ओढा,” ती फणकारली. “मला कुठे शिकवलंत!”

“टेप आण. आणि ओलं फडकं.”

तिने सगळं पुसून काढलं. पलंगाला धरून मास्तर खाली बसले. टेपचं एक टोक तिच्याकडे, एक त्यांच्याकडे. दोन रेघांत सोळा इंच. खडू फरशीला टेकला की बोटं जरा निवायची, उचलला की पुन्हा थरथरायची. मध्येच ते थांबले. “राहू दे. काय उपयोग?”  तिने टेपचं टोक सोडलं नाही. थोड्या वेळाने टेप पुन्हा ताणली गेली.

मग तिच्या खांद्याला धरून ते उभे राहिले. एक रेघ ओलांडली. दुसरी. चौथीशी पाय अडला. मास्तरांनी रेघेकडे डोळे वटारून पाहिलं आणि पाय उचलला.

दाराची कडी त्यांनी स्वतः काढली. बाहेर जिन्यापर्यंत लांबलचक व्हरांडा होता, उन्हाने भरलेला.

“तेवीस लागतील,” नजरेनेच मोजून मास्तर म्हणाले. मग त्यांनी खडू तिच्या तळहातावर ठेवला.

“पुढच्या तू ओढ. टेप लावून.”