मिठी सोडू नको

दत्तारामच्या लेकीला, अनुपमाला, पहिला मुलगा झाला त्या वर्षीचा शिमगा.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीत देवीची पालखी दत्तारामच्या अंगणात आली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. पुढच्या खांद्याचा मान मोरूचा होता. मोरू दत्तारामचा पुतण्या, बारा महिने वाडीत राहणारा. पण मुंबईहून आलेला दीपक, दत्तारामचा मुलगा, मधे घुसला आणि दांडा खांद्यावर घेऊन नाचू लागला.

“वर्षातनं दोन दिस येतोस, नि मान तुला?” मोरू म्हणाला.

“तुझ्या खांद्यावर देवी दिली तर पडंल रे ती!”

ढोलवाले हसले. बायका हसल्या.

मोरूने सकाळी मांडवासाठी टहाळे तोडले होते. कोयता अजून कमरेच्या आकडीत अडकवलेला होता. तो आता त्याच्या हातात आला.

ढोल थांबला. पालखी जमिनीला टेकली.

“पळ रे दीपक!” साळूबाई, त्याची आई, ओरडली.

दीपकच्या पाठीशी कुंपणाचा दगडी गडगा होता. दत्तारामने ते पाहिलं. फौजेत बावीस वर्षं त्याने पोरांना हेच शिकवलं होतं. कोयत्याला वर उठायला हातभर जागा लागते. ती द्यायची नाही.

“मागं सरू नको! आत घुस! मिठी मार त्याला, हात दाबून धर!”

दीपक मोरूच्या अंगावर पडला. दोन्ही हातांनी त्याला आवळलं. कोयता मोरूच्या मांडीला चिकटून खाली लटकत राहिला. दोघांचे गाल एकमेकांना लागले होते. दीपकचे ओठ पांढरे पडले होते.

“बाबा, लवकर या.”

दत्ताराम धावला. दहा पावलांचं अंतर. चार पावलांवर दोघा गड्यांनी त्याला कवेत धरलं.

“काका, तुमी नका मधी पडू. आमी सोडवतो.”

“सोडवू नका! आधी त्याचं मनगट धरा! मनगट!”

“म्हातारा भडकलाय. धरून ठेवा त्याला.”

वाडीत भांडण सोडवायची रीत एकच. दोघांनी याला मागून ओढायचं, दोघांनी त्याला. आजवर त्यानं कुणाचं वाईट झालं नव्हतं.

दीपकची बोटं मोरूच्या सदऱ्यात रुतली होती. शेजारच्या महिपतने ती एकेक करून उकलली. लहान मुलाला समजवावं तसा तो बोलत होता, “भावाभावांत असं करतात काय रे? सोड बघू. सोड.”

“नाय सोडणार. बाबा नको म्हणतायत.”

“सोड रे. मी हाय ना.”

शेवटचं बोट सुटलं. चौघांनी दोन्हीकडून ओढलं. दोघांच्या मधे अंगणाची हातभर जमीन दिसली.

दत्ताराम ओरडायचा थांबला. त्याने डोळे मिटले नाहीत.

जीप घाटाखाली निघाली तेव्हा दीपकचं डोकं दत्तारामच्या मांडीवर होतं आणि मानेवर दाबलेला टॉवेल जड होत चालला होता. महिपत समोर बसला होता. आपले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“काका, मी सोडवतच होतो,” तो म्हणाला. “देवीशपथ, मी सोडवतच होतो.”

दत्तारामने टॉवेलवरचा हात काढला नाही.

दीपक शिमग्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी पावणेदोन वाजता, महाडच्या अलीकडे गेला.