कानातली चकती

"एकच मेल पाठवते गं," असं म्हणत केतकीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. लगेच कुकरची शिट्टी, खालचे हॉर्न, सहा वर्षांच्या जुईची बडबड, सगळं थांबलं. तिला हायसं वाटलं. ऑफिसातल्या भिंती पाडून सगळ्यांना एकाच दालनात बसवलं, तेव्हा गोंगाटावर उपाय म्हणून कंपनीनं प्रत्येकाच्या कानात एक चकती बसवली होती. कामाखेरीज दुसरं काही ती ऐकूच द्यायची नाही. घरी आलं की ती आपोआप बंद व्हायची. पण लॅपटॉप जिथे उघडेल, ते चकतीच्या लेखी ऑफिसच.

"क्लायंट आलाय!"

केतकी दचकून वळली. मागे जुई उभी होती; कामाचे शब्द म्हणून तिची तेवढीच हाक चकतीनं आत सोडली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, हात कोपरापर्यंत भाजला होता. ओट्यावर दुधाचं पातेलं कलंडलं होतं.

"अगं, हाक का नाही मारलीस?" केतकी किंचाळली, पण तिला स्वतःचाही आवाज आला नाही. तिनं लॅपटॉप धाडकन मिटला. तरी चकती बंद झाली नाही, घर मुकंच.

जुईचे ओठ भराभर हलत होते. मग आईचा चेहरा पाहून ती थांबली. तिनं हुंदका गिळला आणि शहाण्यासारखं, स्पष्ट म्हणाली,

"अर्जंट. अर्जंट. अर्जंट."