चारचौघांत

जर्मनीतल्या प्रयोगशाळेत दोघींच्या पुलाच्या नमुन्यावर वजनं चढत होती. लेनाने लावलेला बोल्ट बारीक पडणार, हे शाल्मलीला मघाशीच दिसलं होतं. पण सरांदेखत, चारचौघांत मैत्रिणीची चूक कशी काढायची? गेल्या आठवड्यात लेनाने हिचं गणित असंच सगळ्यांसमोर खोडलं, तेव्हा हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वर्षभर खपून केलेला पूल कडकन मधोमध मोडला.

"तुला दिसलं नव्हतं?" लेनाने विचारलं.

"दिसलं होतं गं. पण सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा नको, म्हणून..."

लेना तिच्याकडे वळली. "तुझी चूक मी का सांगितली होती? तू माझी मैत्रीण होतीस म्हणून."

मोडके तुकडे उचलायला शाल्मली वाकली. लेनाने ते स्वतःकडे ओढून घेतले.