मोरीतला पांढरा केस

थायलंडमधल्या लोपबुरीत घर बदललं की घराच्या निळ्या पुस्तिकेत आपली नावं चढवावी लागतात. त्यावर घरप्रमुखाची संमती लागते. ती आजच मिळाली नसती तर माझ्या लेकीची शाळा हुकली असती.

घर छानच होतं. फक्त मोरीच्या जाळीतून रोज पांढऱ्या केसांचा बुळबुळीत पुंजका निघायचा, सडक्या मासळीच्या वासाचा. आम्हा तिघांचेही केस काळे. बायको म्हणाली, "जेवताना हा विषय नको." म्हणून मी जेवणच सोडलं.

नोंदणी कचेरीतल्या कारकून पिसमयताईंनी पुस्तिका उघडली. "घरप्रमुख चम्नियन आजी. त्यांचा अंगठा आणा."

"ताई, त्या वारल्या. भाच्याने घर विकलं आम्हाला."

"मृत्यूची नोंद नाही. म्हणजे त्या अजून तिथेच राहतात."

"मग त्यांनाही शाळेत घालू का?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझा अर्ज उलटला. "थट्टा करता होय? अंगठा आहे की इथे."

मी कोरा सोडलेल्या रकान्यात अंगठा होता. ओला. कागदाला मासळीचा वास येत होता. ताईंनी नाक मुरडलं, शिक्का मारला, लेकीचं नाव चढवलं.

"आजी बाहेर बसल्यात का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तर जिभेला केस लागला. चिमटीत धरून मी तो ओढला. हातभर बाहेर आला, तरी दुसरं टोक येईना. मग आतून कुणीतरी तो हलकेच मागे ओढला.