सासऱ्यांची चाचणी फेरी

जमीन सुटून मिनिटही झालं नव्हतं, आणि इंजिनाने मान टाकली. आधी खोकलं, मग नुसतंच फुसफुसलं. पंखा वाऱ्यावर उगाच फिरत राहिला. दिवसभर लोकांना "तोंड उघडा, घाबरायचं नाही" असं सांगणाऱ्या आणि सुट्टीत हौसेने छोटं विमान उडवणाऱ्या दातांच्या डॉक्टरचं स्वतःचं तोंड उघडं पडलं, ते मिटेचना.

शेजारी सासरे बसले होते. आज सगळं त्यांच्याच मर्जीवर होतं. "अण्णा एक फेरी मारून आले आणि बरं म्हणाले, तरच लेकीला विमानात बसवायचं," असं बायकोने बजावलं होतं. नऊ वर्षांची लेक शेडपाशी टोपी घालून तयारच होती.

डॉक्टरने विमानाचं नाक खाली केलं. तेवढं एक धड जमलं. मग हाताला लागेल ते बटण दाबलं, सापडेल तो दांडा ओढला. समोर गोदामाचं छप्पर मोठं मोठं होत चाललं. आता संपलंच, असं वाटलं आणि इंजिन धडधडत चालू झालं.

खाली उतरल्यावरही स्वारी हवेतच होती. "दोनशे मीटरवर होतो," त्याने बायकोला सांगितलं. मेकॅनिकला सांगताना ते शंभरच उरले. "डोकं थंड ठेवायचं, बस्स! येरागबाळ्याचं काम नाही." पाय अजून लटपटत होते, म्हणून तो विमानाला टेकून ऐटीत उभा होता.

मेकॅनिकने पेट्रोलच्या दोन्ही टाक्या उघडून बघितल्या. डावी ठणठणीत कोरडी, उजवी काठोकाठ.

"डॉक्टर, रिकाम्या टाकीवर उडालात की हो! मग वर गेल्यावर खटका उजव्या टाकीवर कोणी फिरवला?"

खटका! तो तर डॉक्टरला आठवलाही नव्हता. त्याने सासऱ्यांकडे बघितलं. या माणसाची उभी हयात पाण्याच्या पंपावर गेली होती. टाकी आटली की पंप कसा रडतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

सासरे चष्मा पुसत म्हणाले, "जावईबापूंनीच फिरवला. मी बघितलं ना."

बायकोचा जीव भांड्यात पडला. "मग काय, जा घेऊन तिला."

लेक आत चढलीसुद्धा. वीस वर्षांत सासऱ्यांनी पहिल्यांदाच डॉक्टरची बाजू घेतली होती. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि मघाशी न मिटणारं तोंड आता कसं अगदी घट्ट मिटलं होतं. स्वतःचीच त्याला लाज वाटली.

"बाबा, चल ना!" लेक आतून ओरडली. तिने पट्टाही बांधला होता.

डॉक्टरने वाकून तो सोडला आणि तिला उचलून खाली ठेवलं.

"खटका आजोबांनी फिरवला," तो म्हणाला. "छप्पर जवळ आलं तेव्हा मी डोळे गच्च मिटून बसलो होतो."